परबकाकींचा बुधवार

परबकाकींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका तरुण बाईला चमच्याने पेज भरवत होत्या. घाटकोपरच्या एका रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर. त्या मुलीचा जबडा एका बाजूने सुजला होता, डोळ्याखाली काळंनिळं पडलं होतं. काकी चमचा तिच्या ओठांच्या कोपऱ्याला टेकवायच्या आणि थांबायच्या. ती पेज आत ओढून घेईपर्यंत काकींचं स्वतःचं तोंडही नकळत तिच्यासारखं वाकडं व्हायचं.

मी एका लहानशा संस्थेत समुपदेशक म्हणून काम करते. 'बाथरूममध्ये पडले' असं सांगत येणाऱ्या बायकांशी निवांत बोलता यावं म्हणून रुग्णालयाने आम्हाला एक खोली दिली आहे. परिचारिकेने त्या मुलीला माझ्याकडे पाठवलं तेव्हा काकीही मागोमाग आल्या.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी म्हटलं. "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"बसते की. पण आधी एक लिहून घ्या मॅडम. मी हिची आई नाही, सासू. आणि मारणारा माझा मुलगा."

माझं पेन थांबलं. या खोलीत सासवा पुष्कळ येतात. सून कशी धांदरट आहे हे सांगायला येतात, पोलिसांपर्यंत जाऊ नका म्हणून हात जोडायला येतात. पहिल्याच वाक्यात मुलाचं नाव सांगणारी सासू मी पाहिली नव्हती. मला संशयच आला. काकी बाहेर गेल्यावर मी दीपालीला, म्हणजे त्या सुनेला, विचारलं, "त्या तुझ्यावर काही दबाव आणतायत का?" जबड्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली आणि हाताने दार उघडल्याची खूण केली. मला ती कळली नाही. तिचा अर्थ पुढे काकींकडूनच समजला.

काकींचं माहेर मालवणच्या बाजूचं. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरली आणि त्यातच गेला. घाटकोपरच्याच भटवाडीतली खोली काकींच्या नावावर झाली. पुढे चाळ पाडून इमारत उभी राहिली आणि काकी, मुलगा संदेश, दीपाली आणि नात आर्या असे चौघं चौथ्या मजल्यावर राहायला गेले. संदेश एका कुरिअर कंपनीत सुपरवायझर होता. बाहेर सगळ्यांशी हसून बोलणारा, गणपतीत पुढे असणारा.

"माझी सासू वाईट नव्हती गो," काकी एकदा मला म्हणाल्या. तोवर मॅडमची अश्विनी आणि अश्विनीची 'गो' झाली होती. "नवऱ्याने मारलं की ती मला हळद लावायची. तेल गरम करून चोळायची. पण आधी दार लावायची. शेजारी कळायला नको. मग मी सासू झाले. संदेशचा हात उठला की मीही उठायचे, दार लावायला. त्या दिवशी हिचं तोंड भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि मी सवयीने कडीकडे गेले. तर आर्या म्हणते, 'आजी, मी लावते दार. मला येतं.'"

एवढं सांगून काकींनी पदराने नाक पुसलं.

"सात वर्षांची पोर. तिला पाठ झालं होतं. मग मी दार सताड उघडलं आणि जिन्यात उभी राहून बोंब मारली, 'धावा गो बायांनो, माझो झिल सुनेक मारता!' आख्खा मजला बाहेर आला."

त्या दिवसापासून संदेशने आईशी बोलणं टाकलं, आणि काकींनी त्याची बाजू घेणं.

तक्रार दीपालीने दिली, पण पोलीस ठाण्यात, डॉक्टरांकडे, वकिलाकडे प्रत्येक ठिकाणी काकी तिच्या शेजारी होत्या. त्या फारसं बोलत नसत. दीपाली बोलता बोलता अडकली तरी तिचं वाक्य पुरं करत नसत. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "तिचा तोंड तिका परत मिळाला हा. आता मी कशाक मधी घालू माझा?"

संदेशने त्या घरात राहू नये, असा आदेश दीपालीने कोर्टाकडे मागितला होता. घर काकींचं, त्यामुळे त्यांची साक्ष महत्त्वाची. संदेशच्या वकिलाने शेवटी ठेवणीतला प्रश्न काढला. "बाई, तुम्ही आई आहात ना याची?"

"हो. म्हणून तर सांगते," काकी म्हणाल्या. "शेजारणीने सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ती जळते."

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून लिहिलं, पण त्या हसल्याचं मला दिसलं. आदेश मिळाला. बाहेर आल्यावर काकींनी पिशवीतून दोन डबे काढले. एक दीपालीच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्या कॉरिडॉरच्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या संदेशकडे गेल्या. बांगड्याचं तिखलं आणि भात. त्याने डबा हाताने बाजूला सारला. काकी परत आल्या, बाकावर बसल्या आणि तो डबा उघडून स्वतः जेवल्या. सावकाश, काटे काढत. मला राहवलं नाही. "काकी, आत्ता तर त्याच्याविरुद्ध बोललात, आणि डबा?"

"केस वेगळी, भूक वेगळी," त्या म्हणाल्या. पण त्यांच्याने सगळा भात संपला नाही.

खरी कसोटी कोर्टात झाली नाही, ती गावकरी मंडळात झाली. कोकणातल्या गावोगावची मुंबईत जशी मंडळं असतात तसं त्यांच्या गावाचं भटवाडीत एक आहे. भजनाला आणि पूजेला पुरेल एवढा त्यांचा एक हॉल आहे. अध्यक्ष होते तात्या, काकींचे धाकटे दीर. तात्यांनी काकींना बैठकीला बोलावलं. दीपालीला घेऊन जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून काकींनी मला सोबत नेलं.

"वहिनी, घराण्याचं नाव घालवलंत," तात्या सगळ्यांदेखत म्हणाले. "घरातलं भांडण घरात मिटवायचं असतं."

"भावजी, भांडणात दोघं बोलतात. आमच्याकडे एक मारत होता आणि एक मार खात होती. त्याला भांडण म्हणू नका."

"अहो, पण तुम्ही आई. पोराची चूक आईने पोटात घालायची असते."

"पोटातून आला म्हणून सगळं पोटात घालायचं?" काकी उभ्या राहिल्या. "माझं पोट आहे की पोतं?"

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. बैठकीत ठरलं की परबवहिनींनी यापुढे मंडळाच्या कार्यक्रमांना येऊ नये. काकी चपला घालताना मला म्हणाल्या, "चल. ठरवतात ते ठरवू देत. मला इथला हॉल हवाय."

मला वाटलं, अपमानाने काहीतरीच बोलतायत. पण हॉलचा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून शिजत होता. आमची संस्था वस्तीत तरुण बायकांसाठी बैठका घ्यायची. कायदा काय सांगतो, मदत कुठे मिळते, असं सगळं. काकी दीपालीबरोबर दोन-तीन बैठकांना येऊन बसल्या होत्या आणि शेवटी वैतागून म्हणाल्या होत्या, "तुम्ही सुनांना शिकवता की मारणं वाईट. सुनांना माहीत आहे गो! मार त्याच खातात. दार लावते ती सासू. तिला बोलवा."

आमच्या कार्यालयात यावर बरीच चर्चा झाली. सासवा येतील का, आल्या तर उलटं तर होणार नाही ना, सुनांचं बोलणं बाहेर फुटलं तर काय? काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुनांचं नाव काढायचं नाही. सासवेला तिचं स्वतःचं विचारायचं. तिलाही कोणीतरी मारलंय की."

राहिला हॉल. तो मिळाला त्याची गोष्ट भटवाडीतल्या बायका अजून सांगतात. मंडळाची सत्यनारायणाची पूजा आली. पूजेला महिला भजनी मंडळ गाणार, हे ठरलेलं. पूजेच्या आदल्या दिवशी भजनाच्या प्रमुख सावंतआजी तात्यांकडे गेल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "तात्या, उद्या जमणार नाही. गळा बसलाय."

"मग दुसऱ्या कोणाला तरी गाऊ द्या."

"सगळ्यांचेच बसलेत."

"सगळ्यांचे? एकदम?"

"साथ आहे," सावंतआजी म्हणाल्या. "परबीणबाईंना बुधवारी दुपारी हॉल मिळाला की उतरेल."

तात्या संतापले, पण पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. चावी त्यांनी काकींच्या हातात दिली नाही. त्यांच्या दाराच्या कोयंड्याला अडकवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी भजन असं रंगलं की गळे बसल्याचं कोणाला खरं वाटलं नसतं.

पहिल्या बुधवारी मोजून चार बायका आल्या, त्याही चहासाठी. काकींनी घावणे आणले होते. मी तयारी करून गेले होते, चित्रं, तक्ते वगैरे. काकींनी ती पिशवी भिंतीला टेकवून ठेवायला लावली. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "लग्न होऊन मुंबईत आलात तेव्हा पहिल्यांदा रडलात ते कशासाठी?" मग एकजण बोलली. आणि मग संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत कोणी उठलं नाही.

हळूहळू बुधवार भरू लागला. वस्तीतल्या डॉक्टरांना काकी स्वतः जाऊन भेटल्या. "नुसतं मलम देऊन पाठवू नका, आमच्याकडे पाठवा," म्हणून सांगून आल्या. पोलीस ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकांना त्यांनी बुधवारी घावणे खायला बोलावलं. त्या आल्या आणि पुढे अधूनमधून येत राहिल्या. रुग्णालयातली आमची खोली, डॉक्टरांचा दवाखाना, पोलीस ठाणं आणि मंडळाचा हॉल ही तशी हाकेच्या अंतरावरची ठिकाणं. पण एकीकडून दुसरीकडे जाताना मधल्या रस्त्यातच बाई घाबरून परत फिरते, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. त्या मधल्या रस्त्यावर काकींनी बायका उभ्या केल्या. कोणाला कुठेही जायचं असलं की बुधवारच्यांपैकी एकजण चपला घालून तयार असायची.

"कायदा आमका कळत नाय," एक दबकत म्हणाली तेव्हा काकींनी तिला सांगितलं, "मारणाऱ्याचो हात धरूक ताकद व्हयी. मार खाल्लेलीचो हात धरूक नुसतो हात व्हयो. तुझो हात हा ना?"

सावंतआजी मात्र दर बुधवारी येऊन एकच वाक्य बोलत. "आमच्यात असलं काही नाही हो. मी आपली सोबतीला येते." कोणी त्यांना खोदून विचारलं नाही. काकींचीच तशी ताकीद होती. एके दिवशी सगळ्या निघून गेल्यावर त्या सतरंज्या घड्या करत मागे राहिल्या. काकी कपबशा विसळत होत्या. सावंतआजी सतरंजीकडे बघतच म्हणाल्या, "परबीणबाई, काल मी दार लावलं."

काकींनी नळ बंद केला. मला वाटलं, आता काहीतरी जोरकस बोलतील. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी मी येते. चहा ठेवा."

त्या गेल्या आणि दिवसभर सावंतांच्या घरात बसून राहिल्या. तांदूळ निवडले, टीव्ही बघितला. सावंतांचा मुलगा आत-बाहेर करत राहिला, पण पाहुणीसमोर त्याचा आवाज चढला नाही. असं त्या आठवडाभर जात राहिल्या. आठवड्याच्या शेवटी सावंतआजी सुनेचा हात धरून आमच्या खोलीत आल्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मी सासू. मलाही लिहून घ्या."

दीपालीला या काळात मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम मिळालं, पुढे ती तिथेच लाइन सुपरवायझर झाली. आर्याला शाळेतून आणणं, जेवू घालणं काकी करायच्या. दोघी एकमेकींवर चिडायच्याही. काकींना मिठाचा हात जड, दीपालीला उशिरा उठायची सवय. "सून गुणाची आहे, पण वेंधळी," असं त्या तिच्यासमोरच सांगत. त्यांच्या प्रेमात कौतुक कमी आणि कटकट जास्त होती, म्हणून मला ते खरं वाटे.

मग काकींना हृदयाचा त्रास सुरू झाला. रुग्णालयातून घरी आल्यावर एका दुपारी संदेश त्यांना भेटायला आला. दीपाली कामावर होती. काकींनीच मला बोलावून ठेवलं होतं. संदेश नालासोपाऱ्याला राहत होता, सुकला होता. आईच्या पायाशी बसून तो म्हणाला, "आई, झालं गेलं सोड आता. मला घरी येऊ दे. तुझं करायला कोणी नको?"

"माझं करायला दीपाली आहे."

"मी सुधारलोय गं."

"सुधारलास तर चांगलंच आहे, बाबा." काकींनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "सुधारलेला माणूस समोरच्याच्या 'हो'ची वाट बघतो. तूही बघ. ती कधीच हो म्हणाली नाही, तरी बघ."

तो उठून गेला. काकी भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला वाटलं झोप लागली. मग त्यांचा आवाज आला. "त्याला कांजिण्या आल्या होत्या ना लहानपणी, तेव्हा खाजवू नये म्हणून मी त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधली होती. रात्ररात्र ते हात धरून बसायचे. तेच हात गो." त्या रडल्या. आपल्या निर्णयाबद्दल मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत, ना तेव्हा, ना नंतर.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर काकी गेल्या. अग्नी संदेशने दिला. दीपालीने त्याला हरकत घेतली नाही. काकींनीच तिला तसं सांगून ठेवलं होतं. स्मशानातून सगळे घरी परतले, संध्याकाळ व्हायला आली होती. मी बुधवारच्या बायकांबरोबर आत बसले होते. तात्या दारातून आले, मागे संदेश, आणि संदेशच्या हातात कपड्यांची बॅग.

"क्रिया करणाऱ्याने दिवस होईपर्यंत घरातच राहायचं असतं," तात्या म्हणाले. "संदेश आता इथेच राहील. आई गेली आहे त्याची. आज कोणी कोर्टकचेरीच्या गोष्टी काढू नका."

तात्या बोलत होते ते रीतीला धरूनच होतं, आणि म्हणूनच ते मोडणं अवघड होतं. एकदा बॅग आत आली की बाराव्या-तेराव्यानंतर ती बाहेर काढणं किती कठीण जाईल हे मला दिसत होतं. दीपाली स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. सकाळपासून तिच्या डोळ्यातून पाण्याचा टिपूस आला नव्हता. आर्या, आता चांगली उंच झालेली, आईला बिलगून होती. मी आदेशाबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सावंतआजींनी माझा गुडघा दाबला. "थांब. तिला बोलू दे."

दीपालीने एकदा ओठ मिटून घेतले. मग ती म्हणाली, "आईंचं सगळं कार्य त्यांनीच करावं. रोज सकाळी यावं, इथे बसून करावं, कोणी अडवणार नाही. संध्याकाळी त्यांनी त्यांच्या घरी जावं."

"आणि रीत?" तात्यांचा आवाज चढला.

"क्रिया सकाळची असते, तात्या," सावंतआजी म्हणाल्या. "रात्रीची कसली क्रिया? आणि दिवस होईपर्यंत आम्ही आहोत इथे. रोज दोघीजणी झोपायला. पाळ्या लावून झाल्यात आमच्या."

बाकीच्या बायका जागच्या हलल्या नाहीत. सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या त्या दहाबारा म्हाताऱ्यांमधून बॅग घेऊन आत जायला वाटच नव्हती.

तात्या पुन्हा काही बोलणार होते. पण संदेश आर्याकडे बघत होता. त्याने बघितल्याबरोबर ती आईच्या मागे सरकली होती. त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"राहू दे, तात्या. मी येतो सकाळी," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. थोड्या वेळाने तात्याही गेले.

दीपालीने गॅलरीतून खाली पाहिलं. तो फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत ती पाहत राहिली. मग आत येऊन ती त्या बायकांच्या मधोमध बसली आणि तिने हंबरडा फोडला. "आई, आई गो," एवढंच म्हणत होती. आईसाठी लेकीने रडावं तशी ती सासूसाठी रडत होती, मोठ्याने, मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी. सावंतआजींनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"रड गो बाय," त्या म्हणाल्या. "आता रड."